डाएट सोडा, पोटभर जेवा

सोमवारपासून भात बंद. बुधवारपासून पोळीही बंद. शनिवारी बारशाच्या पंगतीत जिलेबी नको म्हणायचं. आणि रात्री सगळे झोपले की ओट्याशी उभ्यानं डबा रिकामा करायचा. मग रडू येतं. माझ्यात निश्चयच नाही, असं वाटतं.

तुमचं असं होत असेल, तर स्वतःला दोष देणं आधी थांबवा. अर्धपोटी राहिलेलं शरीर असंच वागतं.

१९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना कसं सावरायचं, हे त्यांना शोधायचं होतं. या तरुणांना रोज सुमारे १,५७० कॅलरी मिळत. आजच्या कित्येक डाएट चार्टमध्ये याहूनही कमी अन्न असतं.

ते तरुण चिडचिडे झाले. त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजे. डोक्यात सतत जेवणाचेच विचार. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुढे हवं तेवढं खायला मिळालं, तरी कित्येकांची भूक लवकर भागेना. ती माणसं खादाड नव्हती. तुम्हीही नाही.

आता काय करायचं, ते सांगते.

वेळेवर जेवा. सकाळचा नाश्ता चुकवू नका. दुपारी वरण-भात, भाजी, पोळी नीट वाढून घ्या. संध्याकाळी चहाबरोबर काहीतरी खा. दिवसभर पोटात असलं की रात्रीची खा-खा कमी होते.

कुठल्याही पदार्थाला पाप ठरवू नका. भात, तूप, केळं, बटाटा यांनी तुमचं काही वाईट केलेलं नाही. जे बंद करता, त्याचीच ओढ वाढते. पुरणपोळी ताटात घ्या, बसून चवीनं खा. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून तिची फेड करू नका.

वजनकाटा माळ्यावर टाका. पाणी, मीठ, पाळीचे दिवस यांनीही काटा मागेपुढे होतो. त्यावर दिवसाचा आनंद ठरवू नका. ब्लाउज काचत असेल तर माया उसवून घ्या. अंगाला नीट बसतील असे दोन कपडे शिवून घ्या. बारीक झाल्यावर घालू म्हणून ठेवलेले कपडे देऊन टाका.

चाला, नाचा, पोहा. पण खाल्ल्याची शिक्षा म्हणून नको. झोप लागते, अंग मोकळं होतं, म्हणून करा.

घरातलं बोलणं बदला. मुलीच्या ताटातल्या पोळ्या मोजू नका. पाहुणे ‘किती जाड झालीस’ म्हणाले, तर तिच्या बाजूनं बोला. मुलांदेखत आरशासमोर स्वतःला नावं ठेवू नका. मुलं ते ऐकतात आणि पुढे स्वतःला तसंच बोलतात.

मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पाळा. ते आजारासाठी असतं. मधुमेहाचं औषध घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

काही खुणांकडे मात्र काणाडोळा करू नका. पाळी थांबणं, वारंवार चक्कर येणं, जेवून मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, चोरून खाणं किंवा खाणंच टाकणं. घरात कुणाचं असं चाललं असेल, तर रागावू नका. डॉक्टरांकडे घेऊन जा. मन मोकळं करायला सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सुरुवातीचे काही आठवडे जड जातील. भूक जास्त लागेल, वजन थोडं वाढेलही. घाबरून पुन्हा नवं डाएट धरू नका. रोज वेळेवर अन्न मिळतंय हे कळायला शरीराला अवधी लागतो. तो त्याला द्या, आणि आज रात्री घरच्यांबरोबर बसून पोटभर जेवा.