‘परवानगी नाही’ हासुद्धा एक धडाच आहे



मागे दौंड तालुक्यातल्या एका शिक्षकमित्राचा फोन आला. “सर, दोन आठवडे झाले, लॅब बंद आहे. सर्व्हरवर सारखं ‘परमिशन डिनाइड’ येतंय. पासवर्ड बरोबर आहे, तरी ऐकत नाही. कोणाला तरी पैसे देऊन बोलवू का?” मी म्हटलं, थांबा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे गाडी काढली.

लॅबची मांडणी साधीच होती. इंटरनेटची वायर एका जुन्या लिनक्स संगणकाला जोडलेली. त्याच संगणकातल्या दुसऱ्या नेटवर्क कार्डाची वायर स्विचला, आणि स्विचला मुलांचे दहा संगणक. मुलांच्या संगणकावरून सर्व्हर सापडत होता, पण त्याच्या पलीकडे काहीच जात नव्हतं.

कारण असं, की लिनक्स आपणहून दुसऱ्याचा माल पुढे पाठवत नाही. या कामासाठी ‘आयपी फॉरवर्ड’ नावाची एक नोंद असते. ती मुळात ० असते, ती १ करावी लागते. मित्राने तेच केलं होतं: ‘सुडो’ लिहून ‘इको १’ आणि पुढे बाणाची खूण देऊन त्या फाइलचं नाव. उत्तर आलं, परमिशन डिनाइड.

आता गंमत बघा. ‘सुडो’ म्हणजे हे काम मोठ्या अधिकाराने कर. मग अडलं कुठे? तर तो अधिकार फक्त ‘इको’ला मिळाला. बाणाच्या खुणेचं काम, म्हणजे फाइल उघडणं, ते ‘शेल’ करतं, आणि शेल तर साध्या वापरकर्त्याच्याच अधिकाराने चाललेलं असतं. शिवाय ते ‘सुडो’ सुरू होण्याच्या आधीच फाइल उघडायला जातं.

मी तिथे हजर असलेल्या नववीच्या मुलांना विचारलं, “समजा हेडसरांनी वर्गात सुट्टी सांगितली, पण हजेरीपटात ते लिहायला तुम्हीच गेलात, तर?” मागून एक मुलगी पटकन म्हणाली, “सर, हजेरीपटाला आम्हाला हात लावू देत नाहीत. बोलले हेडसर, पण लिहायला गेलो आम्ही!” बस्स. यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठे वाचायला मिळाली नव्हती.

उपाय दोन आहेत. एक, ‘इको’चं उत्तर नळीच्या खुणेने ‘सुडो टी’ला द्यायचं, म्हणजे लिहिणाराच अधिकारी होतो. दुसरा जास्त सरळ: ‘सुडो’ लावून एस-वाय-एस-सी-टी-एल ही आज्ञा वापरायची आणि त्या नोंदीची किंमत १ द्यायची. पण संगणक बंद करून चालू केला की ती पुन्हा ० होते, म्हणून सेटिंगच्या फाइलमध्येही लिहून ठेवायची. मग मुलांच्या संगणकांवर गेटवे म्हणून सर्व्हरचा पत्ता घातला, पत्ते बदलून पाठवण्याचा नियम लावला, आणि पहिलं पान उघडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पण माझा मुद्दा पुढेच आहे. या दोन आठवड्यांत मित्राला सल्ले काय मिळाले? एकाने सांगितलं, सगळ्या फाइलींना ‘७७७’ करून टाका. दुसरा म्हणाला, कायम रूट म्हणूनच लॉगिन करा, कटकट नको. आपण हे सल्ले मुलांसमोर ऐकतो आणि पाळतो, हे मला धोक्याचं वाटतं. ७७७ म्हणजे काय? वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, मिळून ७. मालकाला ७, गटाला ७ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ७. म्हणजे चावी हरवली म्हणून दारच काढून ठेवायचं! आणि आपल्या त्या नोंदीवर तर ७७७ चालतच नाही. तिथे फाइलचे हक्क बदलूच देत नाहीत.

दौंडच्या मुलांना हे समजवायला लांब जायला नको. जंक्शनवर सोलापूरकडे, मनमाडकडे, बारामतीकडे फाटे फुटतात. इंजिनाच्या चालकाला रूळ समोर दिसत असतात, पण सांधा तो स्वतः बदलत नाही. मार्ग स्टेशनकडून लागतो, सिग्नल मिळतो, मगच गाडी हलते. यात चालकावर अविश्वास नसतो. पण प्रत्येकाने आपापल्या सोयीने सांधे फिरवले तर काय होईल, हे मुलांना सांगावं लागत नाही. राउटिंग म्हणजे हेच. म्हणून तिथे अधिकार मोजून दिलेला असतो.

काही पालक विचारतील, “मग मुलांच्या हातात सर्व्हर द्यायचा का?” नाही. पासवर्ड शिक्षकाकडेच राहील. पण कारण मुलांच्या हातात द्यायलाच हवं. चूक आली की पडदा पुसून “तुला नाही कळणार” म्हणणारे आपणच असतो, आणि मग हीच मुलं मोठी होऊन न वाचता ‘ओके’ दाबतात, असंही म्हणणारे आपणच.

माझ्या मते प्रत्येक लॅबमध्ये एक साधी वही हवी. आलेला संदेश जसाच्या तसा लिहायचा. त्याखाली तीन प्रश्न: काम कोण करत होतं? कोणत्या वस्तूवर? आणि त्याला तेवढा हक्क होता का? ‘परमिशन डिनाइड’ आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हे दोन वेगळे संदेश आहेत. पहिल्यात बहुतेक वेळा फाइलचे हक्क आडवे येतात, दुसऱ्यात ते कामच त्या वापरकर्त्याला करता येत नसतं. साध्या वापरकर्त्याने नवा मार्ग घालायला गेलं की हा दुसरा संदेश दिसतो. हा फरक शोधायला लावणं हाच तासाचा अभ्यास.

त्या दिवशी बाहेरचा माणूस बोलावला असता तर लॅब पाच मिनिटांत सुरू झाली असती, आणि कोणालाच काही कळलं नसतं. आम्हाला दुपार लागली. पण आता त्या शाळेतल्या वहीच्या पहिल्या पानावर त्या मुलीच्या अक्षरात लिहिलेलं आहे: “बोलले हेडसर, लिहायला गेलो आम्ही.”

तुमच्या लॅबमधल्या वहीचं पहिलं पान कोण लिहिणार?