एरर गेली... पण दुरुस्त झाली का?

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण ज्यांनी जन्मात कधी सर्व्हरला हात लावलेला नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. कारण मुद्दा सर्व्हरचा कमी आणि सवयीचा जास्त आहे.

एखाद्या शनिवारी सकाळी उठून आपली वेबसाइट आपणच सर्व्हरवर चढवावी असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. महिन्याला काही शे रुपयांत सर्व्हर भाड्याने मिळतो. लिनक्स फुकट, अपाची फुकट, पीएचपी फुकट. जालावर सापडलेल्या चार कमांड टंकल्या की झालं! मग ब्राउझर उघडावा तर पांढरंफटक पान. नाहीतर ४०३. नाहीतर ५०२. नाहीतर पान दिसायच्या ऐवजी ब्राउझर फाइल डाउनलोडच करायला लागतो.

इथून पुढे दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिला विचारतो, "ही एरर घालवायची कशी?" दुसरा विचारतो, "ही एरर दिली कुणी, आणि का?" माझं मत विचाराल तर पहिला प्रश्न नुसता अपुरा नाही, धोकादायक आहे. एरर घालवणं आणि एरर दुरुस्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या धंद्यातल्या निम्म्या कटकटी हा फरक न कळल्यामुळे होतात.

आधी सरकारी कचेरीचं उदाहरण घेऊ. तुमची फाइल अडकली तर तुम्ही काय करता? सगळ्या साहेबांना सरसकट अर्ज देत सुटत नाही. आधी शोधता की फाइल कुठल्या टेबलावर आहे. पीएचपीच्या पानाचंही तसंच. ब्राउझरची विनंती पहिल्यांदा वेब सर्व्हरच्या टेबलावर जाते, म्हणजे अपाची किंवा एनजिनएक्स. तिथून ती पीएचपीकडे जाते. पीएचपी तुमची स्क्रिप्ट चालवतो. स्क्रिप्ट डेटाबेसकडे जाते. प्रत्येक टेबलावरचा माणूस वेगळ्या भाषेत "नाही" म्हणतो, आणि ती भाषा ओळखता आली की अर्धं काम तिथेच संपतं.

फाइल डाउनलोड होतेय किंवा कोड जसाच्या तसा पानावर दिसतोय? म्हणजे पीएचपीपर्यंत विनंती पोचलीच नाही. 'या प्रकारची फाइल पीएचपीकडे द्यायची' हे वेब सर्व्हरला कुणी सांगितलेलंच नाही. इथे स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसणं म्हणजे पत्र पोस्टात टाकायच्या आधीच उत्तराची वाट बघणं.

पांढरं पान? बहुतेक वेळा उलट परिस्थिती. पीएचपी चालला, मध्येच कोसळला, पण एरर पडद्यावर दाखवायची नाही अशी सेटिंग आहे. ही सेटिंग योग्यच आहे बरं का! लोकांसमोर उघड्या असलेल्या सर्व्हरवर तुमच्या फोल्डरांची नावं जगाला कशाला दाखवायची? पण मग ती एरर लॉगमध्ये गेलेली असते, आणि लॉग उघडायचं कष्ट कुणी घेत नाही.

आता ५०२ घ्या. ब्राउझरमध्ये सगळ्या ५०२ सारख्याच दिसतात. एनजिनएक्सच्या लॉगमध्ये मात्र त्यांचे चेहरे वेगळे असतात. कंसात २ आकडा असेल तर ज्या सॉकेटच्या पत्त्यावर तो पीएचपीला शोधतोय ती फाइलच तिथे नाही. डेबियन-उबुंटूवर या सॉकेटच्या नावातच पीएचपीची आवृत्ती असते, त्यामुळे ८.१ वरून ८.३ वर गेलात आणि एनजिनएक्सच्या फाइलमध्ये जुनंच नाव राहिलं की हमखास हा प्रकार. कंसात १३ असेल तर पत्ता बरोबर आहे, पण आत यायची परवानगी नाही. १११ असेल तर दार आहे, पण आत कुणी नाही, म्हणजे पीएचपीची सेवा बंद पडलीय. तीन आजार, तीन वेगळी औषधं, आणि वरून दिसणारा ताप एकच. लॉगमधली एक ओळ वाचायला दहा सेकंद लागतात. ती न वाचता पीएचपी काढून परत टाकणारे लोक अख्खा रविवार घालवतात.

आणखी एक फसवा प्रकार. कमांड लाइनवर स्क्रिप्ट झकास चालते आणि ब्राउझरमधून "अमुक एक्स्टेंशन नाही" अशी रड येते. कारण डेबियन-उबुंटूवर कमांड लाइनची पीएचपी डॉट आयएनआय वेगळी आणि अपाचीची वेगळी. तुम्ही एकीत बदल करता आणि दुसरी तशीच राहते. पीएचपी-इन्फो नावाचं फंक्शन ब्राउझरमधून चालवलं की नेमकी कुठली फाइल वाचली जातेय ते सरळ छापून येतं. बघा आणि मग ते पान लगेच पुसून टाका, कारण तुमच्या सर्व्हरची कुंडली तिथे मांडलेली असते.

इथपर्यंत नुसता वेळेचा प्रश्न होता. आता खरा मुद्दा.

४०३ आली की जालावर सगळ्यात लवकर सापडणारं औषध कुठलं? सीएचमॉड ७७७. म्हणजे या फोल्डरमध्ये कुणीही यावं, वाचावं, लिहावं. घराची किल्ली लागेना म्हणून दरवाजाच काढून ठेवण्यातला प्रकार! आणि गंमत अशी की बऱ्याचदा त्याने ४०३ जातही नाही. अपाचीच्या लॉगमध्ये 'सर्व्हरच्या कॉन्फिगरेशननेच नकार दिला' अशा अर्थाची ओळ असेल, तर फाइलच्या परवानग्यांचा काही संबंधच नाही. २०१२ मध्ये अपाची २.४ आला तेव्हा परवानगी देण्याची जुनी 'ऑर्डर-अलाउ-डिनाय' पद्धत जाऊन 'रिक्वायर' आलं. जुन्या लेखातून जुन्या ओळी उतरवल्या की गडबड होणारच. उलट वाटेतल्या एखाद्या फोल्डरमधून पुढे जायची मुभा नाही अशी ओळ असेल, तर वरचं नेमकं एक फोल्डर बघायचं. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या युजरचं होम फोल्डर इतरांसाठी बंद ठेवायला सुरुवात केली. तिथे ठेवलेली साइट अपाचीला दिसणारच नाही. साइट हलवायची, कुलूप तोडायचं नाही.

रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर असाच बळी जातो एसई-लिनक्सचा. होम फोल्डरमधून फाइल 'मूव्ह' केली तर तिच्यावरचं जुनं लेबल तसंच राहतं, आणि परवानग्या सगळ्या बरोबर दिसत असूनही अपाचीला ती वाचता येत नाही. रिस्टोअरकॉन ही एक कमांड दिली की लेबल ठीक होतं. पण सल्ला काय मिळतो? "एसई-लिनक्स बंद करून टाका." एका फाइलचं लेबल चुकलं म्हणून अख्ख्या इमारतीचा वॉचमन काढून टाकायचा. आणि तो परत कामावर कुणी घेत नाही, कारण एरर तर गेलेली असते!

कॉन्फिगरेशन म्हणजे किरकोळ काम असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. ऑगस्ट २००७ मध्ये फेसबुकच्या मुख्य पानाचा पीएचपी कोड काही लोकांना ब्राउझरमध्ये चक्क वाचायला मिळाला आणि तो जालावर पसरला. कंपनीने दिलेलं कारण होतं, एका सर्व्हरचं कॉन्फिगरेशन चुकलं. म्हणजे तोच प्रकार, 'कोड जसाच्या तसा पानावर दिसतोय'. त्या कोडच्या जागी तुमच्या डेटाबेसचा पासवर्ड असता तर?

पण मला सगळ्यात जास्त चीड येते ती प्रश्नचिन्हांची. ज्यांनी कधी मराठी साइट उभी केलीय त्यांना हे दुखणं नक्की माहीत असेल. तुम्ही 'मराठी' असं टंकता, जतन करता आणि पान परत उघडल्यावर दिसतात पाच प्रश्नचिन्हं. असं का होतं? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. मायएसक्यूएल २०१८ मध्ये ८.० आवृत्ती येईपर्यंत काही सांगितलं नाही तर तक्ते लॅटिन-१ मध्ये बनवायचा. लॅटिन-१ मध्ये 'म'ला जागाच नाही. मग तो 'म' फेकून देऊन तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचा, आणि मुकाट्याने. एक इशारा मागे ठेवायचा, पण तो बघतो कोण? ही अक्षरं परत मिळत नाहीत. तक्ता नंतर कितीही सुधारा, आत प्रश्नचिन्हंच आहेत.

२०१५ मध्ये आलेल्या ५.७ आवृत्तीपासून मायएसक्यूएलने नेमकी ही सवय मोडली. कडक मोड आपोआप चालू. अक्षर बसत नसेल तर तो चक्क एरर देतो, मजकूर आत घेतच नाही. म्हणजे ती एरर तुमचा मजकूर वाचवत असते! आणि तरीही आजही सल्ला सापडतो, "कडक मोड बंद करा, एरर जाईल." जाईल ना. एररबरोबर तुमच्या वाचकाने लिहिलेला मजकूरही जाईल, आणि दोन महिन्यांनी तुम्हाला कळेल. खरी दुरुस्ती दोन ठिकाणी असते. तक्त्याची अक्षरपद्धत यूटीएफ-८-एमबी-४ करायची, आणि पीएचपीकडून होणाऱ्या जोडणीलाही तीच सांगायची. पाच मिनिटांचं काम.

देवनागरीवाल्यांचा दुसरा जुना शत्रू म्हणजे नोटपॅड. पूर्वी त्यात यूटीएफ-८ मध्ये फाइल जतन केली की तो सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटवायचा. पीएचपी ते इमानदारीत ब्राउझरकडे पाठवतो आणि मग "हेडर आधीच गेलेत" म्हणून लॉगिन, कुकी सगळं अडतं. २०१९ पासून विंडोज १० च्या नोटपॅडने ही खोड डीफॉल्ट म्हणून सोडली. पण बघा, ही एरर किती सज्जन आहे! कुठल्या फाइलमधून, कितव्या ओळीपासून मजकूर आधीच बाहेर पडला ते ती स्वतः सांगते. पहिल्या फाइलची पहिली ओळ असं लिहिलेलं असतं. दिसत काहीच नाही म्हणून आपणच तिला खोटं ठरवतो.

आता कुणी म्हणेल, "अहो, हे सगळं आता कोण करतं? डॉकरचा तयार डबा उचलायचा, नाहीतर एरर एआयला चिकटवायची आणि मोकळं व्हायचं." मला दोन्ही मान्य आहे. रोजच्या कामासाठी तयार डबा उत्तमच; दर वेळी दळण दळून पोळ्या करा असं मी म्हणत नाही. पण डब्याच्या आतही तोच अपाची, तोच पीएचपी आणि त्याच परवानग्या असतात, आणि रात्री दोन वाजता डबा उघडायची वेळ येतेच. एआयचं म्हणाल तर त्याला नुसतं "५०२ येतेय" सांगितलं तर तो दहा अंदाज बांधणार आणि त्यात ७७७ असूही शकतो. लॉगमधली नेमकी ओळ दिली तर तो नेमकं उत्तर देण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणजे प्रश्न विचारायला सुद्धा लॉग वाचावाच लागतो. आणि आलेलं उत्तर दुरुस्ती आहे की नुसती सारवासारव, हे तुम्हालाच ठरवायचंय.

म्हणून माझा आग्रह एवढाच की हाताने सर्व्हर एकदा तरी उभा करा. एकच शनिवार-रविवार. बाजूच्या खिडकीत लॉग सतत वाहता ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि साइट चालली, तर कशाने चालली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि कुठलाही उपाय करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: याने कारण जाणार आहे की फक्त आवाज?

एररची भाषा अवघड असते ही तक्रार मात्र रास्त आहे. पीएचपीत वर्षानुवर्षं एक एरर यायची, "अनपेक्षित टी-पामायिम-नेकुदोतायिम". लोक डोकं धरून बसायचे. पीएचपीचं इंजिन लिहिणारे झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स हे इस्रायलचे, आणि त्या हिब्रू शब्दांचा अर्थ एवढाच की दोनदा विसर्गचिन्ह, म्हणजे कोलन-कोलन. पीएचपी ८ पासून ती चिन्हंच सरळ छापून येतात. पण तेव्हाही त्याच ओळीत फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा असायचाच. हिब्रू न येता सुद्धा चूक सापडत होती, फक्त वाक्य शेवटपर्यंत वाचायला हवं होतं :)