आपली आकडेवारी, दुसऱ्याच्या कपाटात

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतीच्या फेरआढाव्यात ‘डीएचएस’ नावाचा कार्यक्रम थांबला. विकसनशील देशांत लोकसंख्या आणि आरोग्याच्या पाहण्यांना साहाय्य करणारा हा कार्यक्रम १९८४ पासून ‘यूएसएड’च्या निधीवर चालत होता. नव्वदहून अधिक देशांतील चारशेहून अधिक पाहण्यांची माहिती त्याच्या संकेतस्थळावर संशोधकांना विनामूल्य मिळे. कार्यक्रम थांबताच नव्या संशोधकांचे अर्ज मंजूर होणेही थांबले. पुढे गेट्स फाउंडेशनच्या अंतरिम निधीमुळे काम काही प्रमाणात सावरले.

अमेरिकेतल्या या घडामोडीशी आपला काय संबंध, असे वाटेल. संबंध जवळचा आहे. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील मूळ नोंदी देशविदेशातले संशोधक मुख्यतः याच संकेतस्थळावरून घेत आले आहेत.

ही पाहणी आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. पहिली फेरी १९९२-९३ ची. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबांची आणि ७,२४,११५ स्त्रियांची माहिती घेतली गेली. पहिल्या फेरीत दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण सुमारे २६ टक्के होते, पाचव्या फेरीत ते सुमारे ८९ टक्के झाले. तीस वर्षांतला हा बदल आपण ठामपणे सांगू शकतो, कारण जुन्या फेरीच्या नोंदी जपल्या गेल्या.

छापील अहवाल तर आहेतच, मग मूळ नोंदी कशाला हव्यात? रुग्णालयातले उदाहरण घ्या. डिस्चार्ज कार्डावर निदान आणि उपचार चार ओळींत असतात. पण रुग्ण पुन्हा आजारी पडला, तर डॉक्टर केसपेपर मागतात. कोणत्या दिवशी ताप किती होता, कोणते औषध कधी बदलले, हे तिथेच कळते. अहवाल म्हणजे डिस्चार्ज कार्ड, मूळ नोंदी म्हणजे केसपेपर. नवा प्रश्न पडला की उत्तर केसपेपरातच शोधावे लागते.

रक्तक्षयाचेच पाहा. चौथ्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५३ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले, पाचव्या फेरीत ५७ टक्के. लोहाच्या गोळ्या वाटूनही प्रमाण वाढले कसे? बोटाला टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तात हिमोग्लोबिन चुकीचे मोजले जाते का, आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ठरवलेली मर्यादा योग्य आहे का, यावर वाद झाला. सहाव्या फेरीतून ही तपासणी वगळली गेली आणि शिरेतून रक्त घेऊन वेगळी पाहणी करायचे ठरले. या निर्णयावर मतभेद आहेत. पण वाद आकड्यांच्या आधारे होऊ शकला, तो मूळ नोंदी संशोधकांच्या हाती होत्या म्हणून.

नोंदी हाती नसल्या की काय होते, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील एका प्रयोगाने दाखवले. १९६८ ते १९७३ या काळात तिथे ९,४२३ जणांवर आहाराचा मोठा प्रयोग झाला. एका गटाला नेहमीच्या स्निग्ध पदार्थांऐवजी मक्याचे तेल दिले होते. प्रयोगातली बरीच माहिती प्रसिद्धच झाली नाही. काही दशकांनी ती मुख्य संशोधकाच्या घरच्या तळघरात सापडली आणि तिचे विश्लेषण २०१६ मध्ये छापले गेले. तेलामुळे कोलेस्टेरॉल कमी झाले होते, मृत्यू मात्र कमी झाले नव्हते. या एका प्रयोगावरून कोणी तेल बदलू नये, त्यात त्रुटीही होत्या. पण चाळीसहून अधिक वर्षे जगभरचे आहारविषयक सल्ले या पुराव्याविना दिले गेले, हे विसरता येत नाही.

जाणूनबुजूनही माहिती नाहीशी होते. जानेवारी २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या संकेतस्थळावरून आरोग्यविषयक अनेक पाने आणि माहितीसंच काढले गेले. फेब्रुवारीत न्यायालयाने त्यांतील काही परत ठेवण्याचा आदेश दिला. त्याच सुमारास हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाने तिथल्या सरकारी माहितीच्या ३,११,००० हून अधिक संचांची प्रत स्वतःकडे घेऊन ती सर्वांना खुली केली. सरकारी माहिती जपण्याचे काम ग्रंथालयही करू शकते, हा यातला धडा.

त्यावरून आपल्यापुरते तीन मुद्दे निघतात. पहिला, एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखेच. आपल्या पाहण्यांच्या नोंदी किमान दोन-तीन भारतीय संस्थांकडे असाव्यात आणि अर्ज करणाऱ्याला तिथून सहज मिळाव्यात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या नोंदी सांख्यिकी मंत्रालय स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य देते. म्हणजे हे आपल्याला जमते.

दुसरा, नुसते आकडे जपून भागत नाही. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, ‘१’ म्हणजे होय की नाही, रक्त कोणत्या यंत्रावर तपासले, हे सांगणारे टिपण सोबत हवे. त्याविना वीस वर्षांनी उघडलेली फाइल म्हणजे लेबल नसलेली औषधाची बाटली.

तिसरा मुद्दा खासगीपणाचा, आणि तो रास्त आहे. एड्स, गर्भपात, नवऱ्याची मारहाण यांविषयी स्त्रिया विश्वासाने सांगतात. म्हणून नोंदींतून नावे काढली जातात. डीएचएसच्या पद्धतीत वस्तीचे नकाशावरचे ठिकाणही मुद्दाम हलवतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत आणि खेड्यात बहुतेक वेळा पाच किलोमीटरपर्यंत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही संशोधन आणि सांख्यिकीसाठी अटींसह सूट आहे. तेव्हा खासगीपणाचे कारण पुढे करून सगळेच कुलूपबंद ठेवण्याची गरज नाही.

सरकारी रुग्णालयांतही हाच प्रश्न रोज समोर असतो. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे ठेवायच्या असतात. एका रुग्णापुरते ते पुरेसे असेल. पण सर्पदंश, क्षय, बाळंतपणातले मृत्यू यांचा माग तीन वर्षांत लागत नाही. रजिस्टर रद्दीत जाण्याआधी नाव-पत्ता वगळून त्याचा सारांश संगणकावर घ्यावा आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावा. त्याला फार मोठा निधी लागत नाही. जबाबदारी नेमकी कोणाची, हे मात्र लेखी ठरवावे लागते.

पाहणीसाठी कोणी दारात येते, तेव्हा घरातली बाई हातातले काम बाजूला ठेवून पाऊण-एक तास उत्तरे देते, बोटाला टोचूनही घेते. त्या बदल्यात तिला काही मिळत नाही. तिने दिलेली माहिती तिच्या नातीच्या काळातही वापरता यावी, एवढी व्यवस्था आपण आपल्या देशात करायलाच हवी.