विसरलेला पासकोड आणि मोहोरबंद पाकीट

बँकेच्या शाखेत पाऊल ठेवताच भिंतीवरची एक सूचना नजरेस पडते. एटीएमच्या खोलीतही ती असते आणि अधूनमधून संदेशाच्या रूपाने आपल्या मोबाईलवरही येते. 'आपला पिन कोणालाही सांगू नका, कोठेही लिहून ठेवू नका.' ही सूचना योग्यच आहे. तिच्याविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. परंतु तिचा अर्थ आपण नकळत फार ताणला आहे, आणि जी वस्तू बँकेच्या ताब्यात कधीच नव्हती तिलाही तोच नियम लावून बसलो आहोत, असे माझे मत गेल्या वर्षभरात बनले आहे. ते मत कसे बनले, हे सांगितल्यावाचून ते पटणार नाही.

माझे काका जबलपुरातच राहतात. येथील गन कॅरेज फॅक्टरी ही १९०४ सालापासूनची. तिच्या भांडार विभागात काकांची सारी नोकरी गेली. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर काकांचा मोबाईल हाच त्यांचा सोबती झाला. पेन्शन जमा झाल्याचा संदेश, वीजबिल, भाजीवाल्याचे पैसे, पुण्याच्या भाचीचे फोन, सारे त्यातच. याखेरीज आणखी एक गोष्ट त्यात होती, जिची किंमत आम्हांला नंतर कळली. शेवटच्या आजारपणात काकूंना झोप येत नसे. त्या वेळी काकांनी त्यांच्या बोलण्याची काही ध्वनिमुद्रणे करून ठेवली होती. कोकणातल्या माहेरच्या आठवणी, एखादी ओवी, सांडग्यांचे प्रमाण, लाडवांच्या पाकाची खूण, असेच घरगुती काहीबाही.

काकांच्या मोबाईलचा पासकोड होता त्यांच्या जन्माचे साल. एका रविवारी मी तो पाहिला आणि पुतण्याच्या अधिकाराने त्यांना उपदेश केला, "काका, हा तर कोणीही ओळखील. सहा आकडी ठेवा, आणि कोठेही लिहू नका." त्यांनी माझ्यासमोरच तो बदलला. दोनदा घातला, मोबाईल उघडला, आम्ही चहा घेतला आणि मी घरी आलो. सोमवारी सकाळी सातला त्यांचा घरच्या दूरध्वनीवरून फोन आला. रात्री मोबाईलची बॅटरी संपून तो बंद पडला होता. सकाळी सुरू केल्यावर तो बोटाचा ठसा घेईना, आकडेच मागू लागला; आणि आकडे काही केल्या आठवेनात.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोबाईल बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पहिल्या खेपेस बोटाचा ठसा अथवा चेहरा चालत नाही, पासकोडच द्यावा लागतो. हा दोष नव्हे, ती मुद्दाम केलेली योजना आहे. आपण समजतो की बोट हीच किल्ली आहे. वस्तुतः बोट ही सोय आहे, किल्ली पासकोडच.

काकांनी पाच वेळा प्रयत्न केला. मग मोबाईलने तीस सेकंद थांबवले. त्यानंतर थांबण्याचा काळ वाढत गेला. सहा आकड्यांच्या दहा लाख जुळण्या होतात. प्रत्येक चुकीनंतर अशी वाट पाहावी लागली, तर माणसाचे आयुष्य पुरणार नाही. मी पोहोचलो तेव्हा काका समोर पासबुक, पेन्शनचा आदेश आणि काकूंच्या जन्मपत्रिकेची प्रत घेऊन बसले होते आणि प्रत्येक तारखेचे आकडे उलटसुलट करून पाहत होते. मला त्या क्षणी माझ्या उपदेशाची लाज वाटली.

आम्ही बाजारात गेलो. पहिल्या दुकानातला मुलगा विशी-बाविशीचा होता, पण प्रामाणिक होता. मोबाईल हातात घेऊन तो म्हणाला, "अंकल, खुल तो जाएगा, पर अंदर का सब उड़ जाएगा." दुसऱ्या दुकानात मात्र वेगळाच सूर होता. काहीही न जाता मोबाईल उघडून देतो, फक्त दोन दिवस येथे ठेवा, सिमकार्डही राहू द्या आणि ई-मेलचा पासवर्ड या कागदावर लिहून द्या! काकांच्या सिमवर पेन्शनच्या खात्याचे ओटीपी येतात. ते सिम आणि ई-मेलची किल्ली अनोळखी माणसाच्या स्वाधीन करणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखेच होते. आम्ही मोबाईल घेऊन परत फिरलो. मोबाईल दुरुस्तीस द्यावाच लागला, तर आधी सिमकार्ड काढून घ्यावे, ही साधी गोष्टही पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पहिला मुलगा खरे बोलत होता. पूर्वीच्या अँड्रॉइड मोबाईलवर आकृती विसरल्यास गूगल खात्याचा पासवर्ड देऊन कुलूप उघडता येत असे. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून ती वाट बंद झाली. आजच्या मोबाईलमधील मजकूर कूटरूपात साठवलेला असतो. तो उलगडणारी किल्ली दोन गोष्टींपासून तयार होते : एक आपला पासकोड आणि दुसरी मोबाईलच्या आतील चिपमध्ये दडवलेली, बाहेर वाचता न येणारी गुप्त संख्या. एक नसेल तर दुसरी निरुपयोगी. चिप उपटून दुसऱ्या यंत्रात बसवली तरी हाती निरर्थक अक्षरेच लागतात. म्हणून कंपनीच्या सेवाकेंद्रात पावती, आधार आणि खुद्द मालक हजर केला, तरी तेथील माणूस एवढेच करू शकतो की मोबाईल कोरा करून देतो. कोरा झाल्यावरही तो जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. चोरलेला मोबाईल कोरा करून विकता येऊ नये, म्हणून २०१५ पासून ही आणखी एक कडी घातलेली आहे.

माझ्या रागाची दिशा येथे बदलली. आपलाच मोबाईल आपल्याला ओळखत नाही, हे अन्यायाचे वाटते खरे. परंतु मालकासाठी मागचे दार ठेवले, तर त्या दाराने दुसराही आत येईल. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे डिसेंबर २०१५ मध्ये चौदा माणसांचा बळी घेणारा गोळीबार झाला. हल्लेखोराचा आयफोन तपास यंत्रणेच्या हाती लागला, पण पासकोड ठाऊक नव्हता आणि दहा चुकांनंतर सर्व मजकूर पुसला जाण्याची भीती होती. न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲपल कंपनीस मदतीचा आदेश दिला. कंपनीने विरोध केला. अखेर मार्चमध्ये सरकारने बाहेरच्या कोणाच्या तरी साहाय्याने तो उघडला आणि खटला मागे घेतला. एका महासत्तेला जेथे एवढे सायास पडले, तेथे आमच्या काकांचा काय पाड!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काकांचा मोबाईल आम्ही शेवटी कोरा केला. सिम माझ्या मोबाईलमध्ये घालून ई-मेलचा पासवर्ड परत मिळवला. त्यानंतर काय झाले, हे पाहण्याजोगे आहे. बँकेचे व्यवहार तासाभरात पूर्ववत झाले. यूपीआयचा पिनही काकांना नीट आठवत नव्हता. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि सिमवर आलेला ओटीपी दिला, नवा पिन तयार झाला. छायाचित्रे पुष्कळशी गूगलच्या साठवणीतून परत आली. ध्वनिमुद्रणे आली नाहीत. त्यांची प्रत कोठेच नव्हती. व्हॉट्सअॅपची प्रतही कधी काढलेली नव्हती.

पिन आणि पासकोड हे दिसायला सारखे आकडे. पण त्यांच्यातला फरक असा आहे. बँकेचा पिन विसरला तर बँक आपणांस ओळखते. आपली सही, छायाचित्र, आधार, नोंदवलेला क्रमांक तिच्याकडे आहे. त्यामुळे तो पिन लिहून ठेवण्यात धोका पुष्कळ आणि लाभ शून्य. सिमच्या कुलपाचेही तसेच. पिन तीनदा चुकला तर आठ आकडी पीयूके मागितला जातो, आणि तो कंपनी ओळख पटवून देते. मात्र तोही दहादा चुकला तर सिम कायमचे निकामी होते. मोबाईलच्या पासकोडला असा कोणी पाठीराखाच नाही. तो जगात दोनच ठिकाणी असतो : मोबाईलच्या पोटात आणि आपल्या डोक्यात. सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या डोक्याची शाश्वती कोणी द्यावी? आजारपण, भूल, लहानसा झटका, किंवा नुसती रात्रीची झोपदेखील पुरते.

लॉकरचा दाखला येथे चपखल बसतो. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. आपल्या किल्लीची दुसरी प्रत बँक ठेवत नाही. ती हरवली तर अर्ज द्यावा लागतो, खर्च सोसावा लागतो, आणि आपल्यासमक्ष लॉकर फोडला जातो. फोडल्यावर आतले दागिने मात्र जसेच्या तसे निघतात. मोबाईलमध्ये कुलूप फोडणे आणि दागिने वितळवणे ही एकच क्रिया आहे.

काकांना हे मी समजावत होतो, तर तेच मला म्हणाले, "अरे, भांडाराच्या दुसऱ्या किल्ल्या आम्ही पाकिटात घालून, लाख लावून, सह्या करून ठेवत होतो. किल्ली एकाच माणसाच्या कमरेला कधी नसते." बँकांचीही रीत हीच आहे. शाखेच्या तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या मोहोरबंद पाकिटात दुसऱ्या शाखेकडे ठेवल्या जातात आणि ठरावीक काळाने बदलल्या जातात. स्वतःच्या तिजोरीबाबत एवढी काळजी घेणाऱ्या संस्थेच्या ग्राहकांनी आपल्या मोबाईलची एकुलती एक किल्ली स्मरणशक्तीच्या भरवशावर का सोडावी?

तेव्हा माझे म्हणणे असे की, मोबाईलचा पासकोड कागदावर लिहावा. यूपीआयचा किंवा एटीएमचा पिन लिहू नये. आणि हे दोन्ही एकच आहेत असे समजू नये.

यावर आक्षेप येतील, आणि ते निराधार नाहीत. कागद चोराच्या हाती लागला तर? घरातल्याच कोणी गैरफायदा घेतला तर? वृद्धांच्या बाबतीत ही दुसरी शंका अधिक खरी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पासकोड पाहून ठेवून मग मोबाईल पळवण्याचे प्रकार इतके वाढले की ॲपलला जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी वेगळे संरक्षण आणावे लागले. म्हणून कागद मोबाईलच्या आवरणात अथवा पाकिटात डेबिट कार्डाशेजारी नसावा. तो कागदपत्रांच्या पेटीत, शक्य तर लॉकरमध्ये, बंद पाकिटात असावा. पाकिटावर सही करावी, म्हणजे कोणी उघडल्यास कळते. आणि कागद लिहिला की काम संपले, असेही नाही. स्टीफन थॉमस नावाच्या संगणकतज्ज्ञाची हकिकत २०२१ साली जगभर गाजली. त्याचे ७,००२ बिटकॉइन एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये अडकले. तेव्हाच्या भावाने सुमारे बावीस कोटी डॉलर! पासवर्ड त्याने कागदावर लिहिला होता, पण तो कागदच हरवला. दहा प्रयत्नांपैकी आठ वाया गेले होते.

याबरोबर, पासकोड बदलण्याआधी मोबाईलमधील मजकुराची प्रत काढावी आणि बदल सकाळी करावा, म्हणजे दिवसभर तो दहा-वीस वेळा हाताखालून जातो. आयफोनवर २०२३ च्या सतराव्या आवृत्तीपासून नवा पासकोड विसरल्यास बहात्तर तासांपर्यंत जुना देऊन वाट मिळते. ही सोय सर्वच मोबाईलवर असती, तर काकांचा सोमवार टळला असता.

वारसाचा प्रश्नही यातच दडला आहे. खात्याला नामनिर्देशन करा, असे बँक सांगते. नोव्हेंबर २०२५ पासून तर चार व्यक्तींची नावे देता येतात. गूगलने २०१३ पासून आणि ॲपलने डिसेंबर २०२१ पासून आपल्या पश्चात खात्यातील मजकूर कोणास मिळावा, हे आधी नोंदवण्याची सोय दिली आहे. तिचा उपयोग किती जण करतात कोण जाणे. शिवाय त्या सोयीने खात्यात साठवलेले मिळते. मोबाईलच्या पोटातच राहिलेले मिळत नाही.

आपल्या बँकेस माझी एक विनंती आहे. भिंतीवरच्या त्या सूचनेखाली आणखी एक ओळ घालावी : 'मोबाईलचा पासकोड मात्र बंद पाकिटात सुरक्षित जागी ठेवा.' ज्येष्ठ ग्राहक हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरात शाखेत येतात, त्या वेळी कोणी दोन शब्द सांगितले तरी पुष्कळ होईल. आम्हां पुतण्या-भाच्यांचे उपदेश अर्धवट माहितीवर चालतात.

काकांनी नवा पासकोड स्वतःच ठरवला. तो कागदावर लिहून पाकिटात घातला आणि घरात लाख नव्हती म्हणून मेणबत्तीच्या मेणाने बंद केला. ते कोठे ठेवले, हे भाचीला ठाऊक आहे. मी विचारलेले नाही. ध्वनिमुद्रणांपैकी एकच परत मिळाले. काकांनी ते पूर्वी कधीतरी भाचीला पाठवले होते आणि तिने जपून ठेवले होते. अगदी छोटेसे, पाक एकतारी झाला हे बोटांना कसे कळते, एवढेच काकू त्यात सांगतात, आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येते.