तंजावरला दोन तास पुरत नाहीत

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की अमरावती-अकोल्याच्या यात्रा कंपन्यांच्या जाहिरातींत दक्षिण भारत दिसू लागतो. तिरुपती, कांचीपुरम, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि जमलेच तर उटी. वलगाव, आसेगाव, परतवाडा या बाजूच्या गावांतूनही या बसगाड्या भरतात. सोयाबीन-कपाशीचे पैसे हाती आले तर म्हाताऱ्या आईवडिलांना एकदा रामेश्वर घडवावे, ही कितीतरी घरांतली जुनी इच्छा असते. या वाटेवर तंजावर लागते. बस मोठ्या देवळापाशी थांबते, दर्शन होते, वेळ उरला तर राजवाड्यातून एक फेरी होते आणि जेवण उरकून मंडळी मदुराईच्या रस्त्याला लागतात. राजराज चोळाने 1010 मध्ये पुरे केलेले ते बृहदीश्वराचे देऊळ आणि त्याचे दोनशे फुटांहून उंच शिखर कोणीही पाहावेच. पण या दोन तासांत मराठी प्रवाशाच्या पदरी पडते ते चोळांचे तंजावर. ज्या तंजावरशी त्याचे नाते आहे ते तसेच राहून जाते. दक्षिणेतले एकच शहर सावकाश पाहायचे असेल तर मराठी माणसाने तंजावर निवडावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या राज्याची हद्द कुठवर पोचली होती हे मोजायला तिथे जाऊ नये. परमुलखात गेलेली मराठी माणसे त्या मुलखाची कशी झाली, हे समजून घ्यायला जावे.

त्यासाठी आधी नदी पाहावी लागते, आणि नदी पाहायला देवळाच्या आवारातून बाहेर पडावे लागते. श्रीरंगमच्या वरच्या अंगाला कावेरी फुटते. तिचा उत्तरेकडचा फाटा म्हणजे कोळ्ळिडम. थोडे खाली कल्लणै हा दगडी बांध आहे. तो करिकाल चोळाने बांधला असे परंपरा सांगते. तिथून कावेरी आणि वेण्णार असे प्रवाह वेगळे होतात, त्यांना पुढे फाटे फुटत जातात आणि समुद्रापर्यंतचा सारा सपाट प्रदेश ओलिताखाली येतो. वेण्णार तंजावरच्या उत्तरेने वाहते, तर 1934 मध्ये सुरू झालेला मोठा कालवा शहरातूनच जातो. आपल्या वलगावच्या पेढी नदीचे पात्र पावसाळा सरला की आटू लागते. त्या पेढीकाठच्या शेतकऱ्याला इथली भातशेती पाहिली की एक गोष्ट न सांगता कळेल: चोळांपासून कंपनी सरकारपर्यंत प्रत्येकाला हा मुलूख का हवा होता. मात्र ऋतू ध्यानात ठेवायला हवा. तामिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असा परतीच्या वाऱ्यांचा असतो, म्हणजे आपली दिवाळी तिथे ऐन पावसात येते. उन्हाळ्यात जावे तर मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे 12 जूनला सुटेपर्यंत कावेरीचे पात्र बरेचसे वाळूचेच असते. डिसेंबरअखेर ते जानेवारी हा खरा काळ. पाऊस ओसरलेला, पोंगल तोंडावर, आणि पौष वद्य पंचमीच्या सुमारास तिरुवैयारूला कावेरीकाठी त्यागराजांच्या समाधीपाशी गायनाचा मोठा उत्सव.

मराठे इथे आले ते स्वराज्याचा झेंडा घेऊन आले, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी 1675-76 च्या सुमारास तंजावरचे धनी झाले, ते विजापूरच्या चाकरीतले सरदार म्हणून. 1677 च्या दक्षिण स्वारीत दोघे भाऊ कोळ्ळिडमच्या काठी तिरुमळवाडीला भेटले. ही भेट गोड झाली नाही. वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून बिनसले आणि पुढे सैन्येही भिडली. नंतर समेट झाला आणि तंजावरचे राज्य आपल्या वेगळ्या वाटेने गेले. हा वेगळेपणाच तर पाहण्यासारखा आहे. या राजांची प्रजा तमिळ होती. आधीच्या नायक राजांच्या दरबारातून तेलुगू साहित्य आणि संगीत चालत आले होते, पंडितांची भाषा संस्कृत होती आणि घरात मराठी. यातले काहीही मोडायला ते गेले नाहीत. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या नावावर तेलुगू, मराठी आणि संस्कृत रचना आहेत. पात्रे पाच भाषांत बोलतात असे एक नाटकही त्यांच्या नावावर आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात आज पन्नास हजारांच्या घरात हस्तलिखिते आहेत. त्यांतली बहुसंख्य संस्कृत आहेत, त्याखेरीज तमिळ आणि तेलुगू आहेत, आणि मराठी सुमारे तीन हजार. मराठी राजघराण्याने जोपासलेल्या ग्रंथसंग्रहात मराठीचा वाटा इतका लहान असावा, याची खंत वाटून घ्यायचे कारण नाही. सुमारे सव्वाशे वर्षे ज्यांच्यावर राज्य केले त्यांची विद्या त्यांनी आपली मानली, याचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

त्याच वेळी स्वतःची ओळख त्यांनी पुसली नाही. मोठ्या देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले वंशचरित्र कोरून घेतले. तो अतिशय लांबलचक मराठी शिलालेख आहे आणि लिपी आपली बाळबोध. दर्शनाच्या रांगेतून बाहेर पडलेले शेकडो मराठी यात्रेकरू त्याच्या शेजारून न वाचता जातात, कारण बसकडे परतायचे असते. याच सरफोजींनी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापवल्या. महाराष्ट्रात तेव्हा पेशवाई चालू होती आणि मराठी छपाईला पुण्यात अजून पाय ठेवायला जागा नव्हती.

मला या साऱ्याहून मोठी वाटतात ती तंजावरची छत्रे. काशी-रामेश्वर यात्रेच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी ठिकठिकाणी अन्नछत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र, निडामंगलमचे यमुनांबा छत्र ही त्यांतली मोठी नावे. 1801 मध्ये सरफोजीराजांनी कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या छत्रांचे काम तपशिलाने सांगितले आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कोणीही वाटसरू आला तरी त्याला जेवण मिळे. शिजवलेले न चालणाऱ्यास शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, असा पुकारा होई. आजारी वाटसरूला वैद्य, वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची काळजी, आणि आईबाप वाटेत वारले तर मागे राहिलेल्या पोरांचा सांभाळ आणि शिक्षण, हे सगळे छत्राच्या कर्तव्यांत मोडत असे. 1799 च्या तहाने सरफोजींच्या हातून राज्याचा कारभार गेला, किल्ला आणि तनखा तेवढा उरला. अशा वेळी त्यांनी कंपनीकडे आग्रह धरला तो ही छत्रे आपल्याकडे राहू देण्याचा. सत्ता जाताना राजा कशासाठी भांडतो यावरून त्याची पारख करायची तर हे पत्र फार बोलके आहे.

वलगावच्या माणसाला हे परके वाटू नये. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला तो वलगावजवळ, पेढीच्या पुलापाशी. हा माणूस आयुष्यभर लोकांकडून पैसा मागत राहिला आणि त्यातून नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या करत राहिला. ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बांधली कारण इतर धर्मशाळांची दारे अस्पृश्यांना बंद होती, आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. तंजावरची छत्रे राजाच्या खजिन्यातून आणि देणगी गावांच्या उत्पन्नातून चालली, बाबांच्या धर्मशाळा लोकवर्गणीतून. एका ठिकाणी दाता सिंहासनावर, दुसऱ्या ठिकाणी अंगावर चिंध्या. पण वाटेवरच्या अनोळखी माणसाची सोय करणे हे सर्वांत मोठे धर्मकृत्य, हा विचार दोन्हीकडे एकच आहे. गाडगेबाबांच्या वऱ्हाडातून रामेश्वरला निघालेल्या माणसाने ओरत्तनाडूला न थांबता पुढे जाणे मला खरोखर खटकते.

कीर्तनाचेही तसेच. बाबांचे हत्यार कीर्तन होते. तंजावरच्या मराठी दरबारात आणि समर्थ संप्रदायाच्या मठांत महाराष्ट्राचे कीर्तन पोचले, एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतर यांनी ते उचलून तमिळ श्रोत्यांसाठी घडवले आणि दक्षिणेची हरिकथा त्यातून बहरली. साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तिथे तमिळ आणि तेलुगू शब्द घेऊन गायिले जातात. नृत्याची गोष्टही याच दरबारातली. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्याच्या कार्यक्रमाचा जो क्रम बसवला तोच आज भरतनाट्यम शिकणारी अमरावतीची मुलगी शिकते.

या मांडणीवर आक्षेप येतील. सर्वांत गंभीर आक्षेप असा, की हे वैभव कोणाच्या घामाचे? तंजावरच्या भातशेतीत राबणाऱ्या दलित मजुरांची अवस्था बंधमुक्त कधीच नव्हती. मराठी राजांनी ती बदलली नाही, इंग्रजांनीही नाही. स्वातंत्र्यानंतर, 25 डिसेंबर 1968 रोजी, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात मजुरीवाढीच्या झगड्यात 44 दलितांना एका झोपडीत जाळून मारले गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. छत्रात शिजलेले न चालणाऱ्याला शिधा देण्याची सोय होती, याचाच अर्थ जातीचे नियम छत्राच्या दारातही शाबूत होते. हे मान्य करूनच तंजावर पाहायला हवे. मात्र हा आक्षेप घाईच्या सहलीला जास्त लागू पडतो. दोन तासांत दिसते ते फक्त शिखर आणि सिंहासन. शेत, कालवा आणि मजुरांची वस्ती पाहायला दिवस लागतात. ज्याला गाडगेबाबांची धर्मशाळा अस्पृश्यांसाठी का बांधावी लागली हे ठाऊक आहे, त्याला छत्राची थोरवी आणि त्याची मर्यादा एकाच वेळी दिसेल.

दुसरा आक्षेप अधिक रास्त वाटेल: इतक्या दूर कशाला? आधी अचलपूर पाहा, गाविलगड पाहा, रिद्धपूर पाहा. पाहावेच, वऱ्हाडातल्या शाळांच्या सहली तिकडे जास्त जाव्यात असे मलाही वाटते. पण रामेश्वरला माणसे जातातच आहेत. तंजावर त्याच वाटेवर आहे, वेगळी मोहीम काढायची नाही. खर्चाचेही तसेच. शहर लहान आहे, साधी लॉज आणि केळीच्या पानावरचे जेवण परवडणारे आहे, आणि उटीची एक रात्र कमी केली तर इथली दोन रात्रींची सोय निघते. भाषा अडेल हे खरे. तमिळ न येणाऱ्याला तंजावरच्या रिक्षावाल्याशी खुणांनी बोलावे लागेल, जसे वलगावात आलेल्या तमिळ ट्रकचालकाला बोलावे लागते.

तिसरे म्हणणे आजच्या वातावरणातले आहे. महाराष्ट्रात भाषेवरून वाद पेटलेला असताना, मराठी माणूस बाहेर जाऊन स्थानिकांत मिसळला याचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. मला वाटते याच वेळी ते सांगायला हवे. तंजावरी मराठी आजही काही घरांत बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्द आणि लकबी भरल्या आहेत, पण ती तीनशे वर्षे टिकली आहे. ही माणसे बाहेर तमिळ बोलतात, तमिळ वाचतात आणि घरात मराठी. कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव याच समाजातले. ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. ज्या प्रदेशात राहतो त्याची भाषा मनापासून शिकायची आणि आपली घरात सोडायची नाही, हे दोन्ही एकाच वेळी जमते. आपण महाराष्ट्रात येणाऱ्यांकडून जी अपेक्षा करतो ती तंजावरच्या मराठी माणसांनी स्वतः पाळून दाखवली आहे. आणि त्यांचे कागद जपले तमिळ लोकांनी: तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने राजदरबाराची मोडी कागदपत्रे तमिळमध्ये आणली आहेत. आपल्याकडे मोडी वाचणारे किती उरले? संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या मराठी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांची अभ्याससहल सरस्वती महालाकडे जायला हवी.

यात्रा कंपन्यांकडे मागणे फार नाही. तंजावरला दोन मुक्काम ठेवा. एक सकाळ देवळाला आणि त्याच्या भिंतीवरच्या मराठी शिलालेखाला, दुपार राजवाडा आणि सरस्वती महालाच्या संग्रहालयाला, दुसरा दिवस तिरुवैयारू आणि कल्लणैला. तिसऱ्या दिवशी रामेश्वरला निघताना पुदुकोट्टैचा रुळलेला रस्ता सोडून ओरत्तनाडू-पट्टुकोट्टैमार्गे जा. यात्रेकरू पूर्वी याच बाजूने जात. थोडा वेळ जास्त लागेल, पण मुक्तांबा छत्राची जुनी इमारत वाटेतच लागते.