पुस्तकें कोणासाठीं?

शाळेंत पुस्तकें असणें ही एक गोष्ट आहे, व तीं मुलांच्या हातीं पडणें ही अगदीं निराळी गोष्ट आहे. हा भेद आम्हांस ग्रंथ वाचून नव्हे, तर स्वतःच्या चुकीनें कळला. म्हणून ती चूक प्रथम सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या ग्रंथालयाची व्यवस्था आमच्याकडे होती. प्रत्येक पुस्तकास खाकी वेष्टन, त्यावर क्रमांक, कपाटास कुलूप व किल्ली आमच्या खिशांत. वर्षाखेरीस मोजदाद होई, तेव्हां एकही पुस्तक कमी भरत नसे, आणि याचा आम्हांस मोठा अभिमान वाटे. एके दिवशीं किनाऱ्यावरील वाडींतल्या एका विद्यार्थ्यानें नेलेलें गोष्टींचें पुस्तक खाऱ्या पाण्यानें भिजून परत आलें. वडिलांबरोबर होडींत असतां आपण तें वाचीत होतों, असें त्यानें मान खालीं घालून सांगितलें. होडींतही ज्याच्या हातून पुस्तक सुटलें नाहीं, असा वाचक शिक्षकास क्वचितच भेटतो! परंतु आम्हीं नियमावर बोट ठेवून किंमत मागितली. त्यानें ती दोन हप्त्यांत भरली, व पुन्हा तो कपाटाकडे फिरकला नाहीं. पुस्तक भरून आलें. वाचक गेला तो गेलाच.

आपल्या भागास वाचनाची परंपरा नाहीं, असें कोण म्हणेल? 1981 सालीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीं आपण ज्या रत्नागिरी जिल्ह्यांत होतों, तेथील नगर वाचनालय 1828 सालचें आहे. शिरोड्यासारख्या खेड्यांत वि. स. खांडेकरांनीं 1920 पासून 1938 पर्यंत मुलांस शिकविलें. मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे, विंदा करंदीकर देवगड तालुक्यांतील धालवलीचे. परंतु वाचनालयें बहुधा बाजारपेठेच्या गांवीं असतात. देवबागेसारख्या खाडी व समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींतील, किंवा सह्याद्रीच्या उतारावरील धनगरवाड्यांतील मुलानें तेथवर यावें कसें? एस. टी. चें भाडें, अनामत रक्कम व मासिक वर्गणी, इतके अडसर ओलांडील तेव्हां त्यास एक गोष्टींचें पुस्तक मिळावयाचें!

कायद्यानें आपलें काम कांहीं अंशीं केलें आहे. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमान्वयें वाचनालयांस सरकारी अनुदान मिळतें. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, व त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें आणि गोष्टींचीं पुस्तकेंही असावींत, असें ठरविलें. पण कायदा पुस्तकास कपाटापर्यंत आणितो. कपाटापासून मुलाच्या हातापर्यंतचें अंतर आम्हां शिक्षकांसच तोडावें लागतें.

यावर आमचे शिक्षकबंधू म्हणतील, “पुस्तकें फाटतील, हरवतील, मग जाब कोणास द्यावा लागेल?” ही भीति खोटी नाहीं. हरवलेल्या पुस्तकाची किंमत पगारांतून भरावी लागेल असें ज्यास वाटतें, तो कुलूप लावणारच. म्हणून दोष एकट्या शिक्षकाचा नव्हे, नियमाचाही आहे. वाचून जीर्ण झालेलीं वा हरवलेलीं कांहीं पुस्तकें दरवर्षीं विनाचौकशी वजा टाकण्याची मुभा संस्थाचालकांनीं द्यावी. शिक्षकाची मूठ आपोआप सैल होईल. युरोपांत मध्ययुगीं ग्रंथ सांखळीनें बांधून ठेवीत. पुस्तकें वापरण्यासाठीं आहेत, हें ग्रंथालयशास्त्राचें पहिलें सूत्र डॉ. रंगनाथन् यांनीं 1931 सालीं सांगितलें. आपली सांखळी गेली, कुलूप तेवढें राहिलें!

उपाय नवा शोधावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं बडोदें संस्थानांत 1911 च्या सुमारास पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडीं धाडण्याची व्यवस्था केली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम 2009 सालीं सुरू झाला, तोही पेट्यांचाच. आमच्या शाळेनें पत्र्याच्या चार पेट्या कराव्या, प्रत्येकींत पंचवीस पुस्तकें घालावींत, व त्या पावसाळ्याच्या आरंभीं चार वाड्यांस द्याव्या. यांत्रिक मासेमारी तेव्हां बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि मुलांस घरीं वेळ असतो. वाडींतीलच एखाद्या नववींतल्या मुलीकडे पेटी सोंपवावी. अनामत नको, दंड नको; पुस्तकाबरोबर मेणकापडाची एक पिशवी मात्र द्यावी. मोठ्या भावंडानें वाचलेली गोष्ट धाकट्यांस व आजीस मालवणींत सांगितली, तर एका पुस्तकाचे पांच वाचक होतील. दोन महिन्यांनीं पेट्यांची अदलाबदल करावी.

प्रभूच्या दाखल्यांतील ज्या दासानें धन्याचा रुपया जमिनींत पुरून ठेविला, त्यानें तो हरवला नव्हता. जसाच्या तसा परत केला होता. तरीही धन्यानें त्यास दोष दिला. आमची ती बिनचूक मोजदाद आठवली कीं हा दाखला आम्हांस टोंचतो.

माजी विद्यार्थ्यांस आमची विनंती आहे कीं त्यांनीं एकेका पेटीचा भार उचलावा. आणि आमच्या पुढील वार्षिक अहवालांत ‘ग्रंथालयांतील पुस्तकांची संख्या’ या ओळीखालीं आणखी दोन ओळी असाव्या: बाहेर गेलेलीं पुस्तकें किती, व वाचून फाटलेलीं किती. दुसरा आंकडा शून्य आला, तर त्याचा खुलासा आम्हांस विचारावा.