चुलीखालची नाणी

पाठीवर सॅक टाकून एकटीने फिरायची सवय मला कॉलेजपासूनची. गटाच्या बससहलीला मी आजवर कधी गेले नव्हते. पाय थांबतील तिथे थांबावं, कंटाळा येईल तिथून निघावं, हे स्वातंत्र्य मला फार प्यारं आहे. पण स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, हायलँड्समध्ये, गावं विरळ आणि एसटीसारख्या गाड्या त्याहून विरळ. माझ्या हातात तीनच दिवस होते. एडिनबराच्या हॉस्टेलमधल्या बाई म्हणाल्या, छोट्या बसने जा, सोळाच माणसं असतात, ड्रायव्हर चांगला सांगतो. त्यांचं ऐकलं.

सकाळी आठला जुन्या शहरातल्या ओल्या फरशीच्या रस्त्यावर आम्ही जमलो. ब्राझीलचं एक जोडपं, तैवानच्या दोन विद्यार्थिनी, ऑस्ट्रेलियाची एक नर्स, जर्मनीचे निवृत्त मास्तर आणि असेच सगळे. बहुतेकांच्या पायाशी सॅक. ड्रायव्हर साठीचा, अंगात किल्ट, कानाला माईक. गाडी चालवणारा तोच आणि वाट दाखवणारा, गोष्ट सांगणाराही तोच. बाहेर धड पाऊस नाही आणि धड उघडीपही नाही, अशी किचकिच होती. त्याने पहिला शब्द शिकवला तो याच हवेचा: ‘ड्रीख’. आपण मळभ म्हणतो त्यात थोडी ओल आणि थोडी उदासी मिसळली की ड्रीख होतं.

स्टर्लिंगचा किल्ला आणि स्कॉट वीर वॉलेसचा उंच मनोरा आम्ही लांबूनच पाहिला. १२९७ची स्टर्लिंग पुलाची लढाई आणि १३१४ची बॅनकबर्नची, दोन्ही इथून हाकेच्या अंतरावर झाल्या. कॅलँडर गावात लवकरचं जेवण घेतलं. ‘लेंटिल सूप’ मागवलं आणि पहिल्या चमच्याला थबकले. मसूर, गाजर, कांदा, मिरपूड. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली असती तर आईच्या हातची मसुरीची आमटीच. थंडीवाऱ्याच्या गरीब मुलखात मसूर माणसाला धरून ठेवतो, तिथे आणि इथेही.

पुढे रॅनकचं माळरान लागलं. माळ म्हणायचं खरं, पण सगळी दलदल. पाय टाकला की घोटा आत जातो. १८९४ साली सुरू झालेली रेल्वे या दलदलीवरून नेताना इंजिनिअरांना खाली तळच लागेना. तेव्हा त्यांनी झुडपांच्या जुड्या, झाडांची मुळं, माती आणि राख यांचे थरावर थर टाकले. रूळ आजही त्या तरंगत्या गादीवर आहेत.

आणि मग रस्ता ग्लेनको खोऱ्यात उतरला.

‘ग्लेन’ म्हणजे आपलं खोरं. दोन्ही अंगांनी काळे कडे आणि घळीघळीतून पांढरं पाणी. श्रावणातल्या माळशेजची आठवण यावी असं ते रूप. पण झाडं जवळजवळ नाहीत, घरं नाहीत, माणूस नाही. तैवानची मुलगी म्हणाली, “किती शुद्ध निसर्ग आहे!” मलाही तेच वाटलं होतं. ड्रायव्हरने तीन शिखरांसमोरच्या थांब्यावर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि शांतपणे म्हणाला, “हे रान मोकळं नव्हतं. मोकळं केलं गेलं.”

मग त्याने सांगितलं. इथे मॅकडोनल्ड घराण्याची वस्ती होती. विल्यम राजाने हुकूम काढला की १ जानेवारी १६९२च्या आत प्रत्येक सरदाराने निष्ठेची शपथ घ्यावी. इथला म्हातारा सरदार मॅकइयन ३१ डिसेंबरला फोर्ट विल्यमला पोहोचला. तिथल्या अधिकाऱ्याला शपथ द्यायचा अधिकारच नव्हता. म्हातारा हिमवादळातून इन्व्हररीला गेला. शपथ झाली ६ जानेवारीला. पाच-सहा दिवसांचा उशीर, आणि सरकारला तेवढं निमित्त पुरलं. कॅम्पबेल नावाच्या कॅप्टनच्या हाताखालची तुकडी खोऱ्यात मुक्कामाला आली. लोकांनी घराघरांत तिला जागा दिली, जेवू घातलं. बारा दिवस. कॅप्टन मॅकइयनच्या मुलांबरोबर पत्ते खेळायचा. १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्याच पाहुण्यांनी यजमानांवर बंदुका चालवल्या. सुमारे ३८ माणसं मारली गेली. जी बर्फात पळाली, त्यातली कित्येक थंडीने गेली.

मॅकडोनल्ड आणि कॅम्पबेल या दोन घराण्यांचं वैर म्हणून ही गोष्ट सहसा सांगतात. ड्रायव्हरला ते मान्य नव्हतं आणि मलाही त्याचंच पटलं. कत्तलीच्या हुकमावर राजाची सही होती. स्कॉटलंडच्या कायद्यात विश्वासाने घरात घेतलेल्याकडून झालेल्या खुनाला वेगळं नाव होतं, साध्या खुनाहून तो गुन्हा मोठा मानत. खाल्ल्या मिठाची आण आपल्याकडेही आहे. गाडीत कुणीही कॅमेरा वर केला नाही.

थोडं पुढे, पर्यटकांसाठीच्या केंद्राशेजारी, उत्खननात सापडलेल्या खुणांवरून त्या काळचं एक घर पुन्हा बांधलं आहे. मी वाकून आत गेले आणि हात आपोआप भिंतीला लावला. आतून टोपलीसारख्या विणलेल्या फांद्या, बाहेरून गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या चिपांचा थर, वर हेदरच्या झुडपांचं शाकारलेलं छप्पर. म्हणजे कुडाचं घर! आमच्या आजोळी कारवीच्या कुडावर शेणमाती लिंपायचे, त्याचंच हे थंड मुलखातलं भावंड. मध्यभागी चूल. त्या चुलीशी ड्रायव्हरने आणखी एक सांगितलं. २०२३ साली याच खोऱ्यात, मॅकइयनच्या म्हणवल्या जाणाऱ्या घराच्या जागी खोदताना एका विद्यार्थिनीला चुलीच्या दगडाखाली एक मडकं सापडलं. तोंडावर एक गोटा ठेवून झाकलेलं. आत ३६ नाणी. सर्वांत नवं नाणं १६८०च्या दशकातलं. पुरातत्त्वज्ञांचा अंदाज असा, की त्या पहाटे किंवा तिच्या थोडं आधी कुणी तरी ती घाईने दडवली आणि काढायला परत आलं नाही.

चुलीखाली पैसा पुरणं ही गोष्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी एकटी आले असते तर त्या तीन शिखरांचे फोटो काढून, दोन पाट्या वाचून, संध्याकाळची बस गाठायला निघून गेले असते.

गाडी निघाल्यावर तो पुढचं सांगत राहिला. १७४६ला कल्लोडनच्या रणात राजाविरुद्ध उठलेले हायलँडर हरले. त्यांचा पोशाखही कायद्याने बंद झाला, तो १७८२पर्यंत. सूट फक्त राजाच्या पलटणींना. म्हणजे बापाचा किल्ट पोराला घालायचा तर राजाच्याच फौजेत भरती व्हायचं. मग जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्यांत पैसा दिसू लागला. १७९२ हे इथे ‘मेंढ्यांचं वर्ष’ म्हणून लक्षात आहे. १८१४ला स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात लोकांच्या डोक्यावरची छपरं जाळली. कुणी कॅनडाला गेलं, कुणी पलटणीत.

“पलटणी कुठे गेल्या?” जर्मन मास्तरांनी विचारलं.

“जगभर. भारतात खूप,” तो म्हणाला.

माझ्या पोटात काही तरी हललं. मी जालन्याची. भोकरदनजवळची असई आमच्या घरापासून दीड तासावर. २३ सप्टेंबर १८०३ला तिथे शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती वेलस्लीची गाठ पडली, तेव्हा त्याच्या दोन गोऱ्या पायदळ पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी. दोन्ही हायलँडर. ७४व्या पलटणीची तिथे वाताहत झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेले, पण हटले नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. त्या पलटणींना पुढे निशाणावर हत्ती आणि असईचं नाव मिळालं. लहानपणी मी फक्त आपली माणसं मोजायची. समोरची पोरं कुठून आली, त्यांची घरं कशाची होती, हे कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी लॉख नेसच्या टोकाला, फोर्ट ऑगस्टसला थांबलो. कालव्याच्या पाच पाणकप्प्यांतून (‘लॉक’) एक नाव पायरीपायरीने खाली उतरत होती. मी ड्रायव्हरला असईबद्दल सांगितलं. त्याने पाइप खाली ठेवला, पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लावलं. मग म्हणाला, “उद्या सकाळी आपण कल्लोडनला जाऊ. वाटेत माईक तुम्ही घ्या.”

रात्री बंकवर टॉर्चच्या उजेडात मी वहीत टिपणं काढत बसले. नुसत्या तारखा सांगून चालणार नव्हतं. कुठून सुरुवात करायची ते नक्की केलं: केळणा नदी, या काठाला एक गाव, समोरच्या काठाला दुसरं. वाटाडे म्हणाले नदीला उतार नाही. वेलस्लीने ओळखलं, गावं अशी समोरासमोर असतील तर मधे उतार असणारच.

खालच्या बंकवरून ऑस्ट्रेलियाच्या नर्सने हळूच विचारलं, “त्या गावाचं नाव नीट कसं म्हणायचं?”

“असई,” मी म्हटलं. “अ-स-ई.”

तिने दोनदा म्हणून पाहिलं.